गंगेची साडी

बापूंना इंजिनाचा आवाज ऐकून त्याचा आजार कळायचा. नदीकाठच्या मळ्यांमध्ये तेव्हा जिकडे तिकडे ऑइल इंजिनं होती आणि सकाळी भाकरी खाताखाता बापू मध्येच घास हातात धरून थांबायचे. "पाटलाच्या इंजनानं हवा धरली," असं म्हणायचे. माय म्हणायची, "आगुदर घास गिळा. पाटील यीलच सांगाया." आणि भाकरी संपायच्या आत पाटलाकडचं माणूस दारात हजर व्हायचं. बापू म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना बापू म्हणायचं म्हणून मीही बापूच म्हणायचे. ते इंजिन फिटर होते. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला गेले की लोक त्यांना हाटेलात चहा पाजून इंजिनाची दुखणी सांगत आणि ते न बघता औषध सांगत. आमच्या पुढच्या खोलीत पिस्टन, नोझल, तेलकट चिंध्या आणि डिझेलचा वास असायचा. मायनं आमटीसाठी येसराचा मसाला भाजला की तो वास आणि हा वास एकमेकांत मिसळायचे. अजूनही कुठे येसराची आमटी खाल्ली तर मला तिच्यात काहीतरी कमी वाटतं. ते कमी असतं ते डिझेल.

या शहाण्या माणसाला एक खूळ होतं. लग्नानंतर दोन वर्षं ते कोकणात एका खाडीवर लाँच दुरुस्तीच्या कामाला होते. पुढे आजोबा गेले, शेत बघायला कोणी नव्हतं, म्हणून परत आले. पण मन तिकडेच राहिलं. खाडीतून लाँच कशी जाते, दोन्हीकडे माड कसे असतात, धक्क्यावर बायका टोपल्या घेऊन कशा उभ्या असतात, हे मी गोष्टी ऐकाव्यात तसं ऐकत वाढले. महिन्यातून एकदा ते भोयांकडून मासे आणायचे. माय घरात शिजवू द्यायची नाही. मग अंगणात तीन दगड मांडून, खोबरं वाटून स्वतः कालवण करायचे आणि पहिला घास खाऊन दरवेळी म्हणायचे, "न्हाई, तसं न्हाई झालं." माय आतून म्हणायची, "मंग काऊन करता?" ते पुढचा घास घ्यायचे.

आमच्याकडे गोदावरीला गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात म्हणत. बोलण्यात ती गंगा. उन्हाळ्यात तिच्या वाळूत आम्ही टरबुजं लावायचो, एवढीच तिची ऐपत. पण गावाच्या खाली बंधारा झाला, पावसाळा सरल्यावर त्याची लोखंडी दारं टाकली गेली आणि गंगा मागे मागे भरत आली. वाळू गेली, जुना उतार गेला, काठच्या बाभळी गळ्यापर्यंत बुडाल्या. मैलभर वरपर्यंत पाणी कसं गच्च, हलेना. गाव हरखलं, कारण उसाची सोय झाली. बापू मात्र घाटावर जाऊन तासभर उभे राहिले आणि घरी येऊन मायला म्हणाले, "खाडी झाली बघ आपल्या दारात."

त्यानंतर वर्षभरातच ते कोकणात जाऊन एक जुनी मोटारबोट घेऊन आले. लाकडी, वीस-बावीस हात लांब, मध्ये इंजिन, मागे सुकाणू. ट्रकवर उलटी घालून घाट चढवून आणली. वाटेत अंबडला लोकांना वाटलं कुठल्या तरी देवाचा रथ चाललाय. दोन-तीन बायकांनी ट्रक थांबवून तिला हळदकुंकू लावलं. बापूंनी काही सांगितलं नाही, हात जोडून प्रसाद वाटल्यासारखे शेंगदाणे वाटले. गावात ती उतरवायला चाळीस माणसं लागली. आमचे सरपंच नारायणअण्णा बोटीभोवती फेरी मारून म्हणाले, "बापू, हिला बैल कुठं जुपायचे?" सगळे हसले. बापूही हसले. मग त्यांनी हँडल मारलं, इंजिन धडधडलं, आणि मोटारबोट जेव्हा घाटापासून सुटून स्वतःच्या अंगानं पाण्यात वळली, तेव्हा हसणारे लोक काठाकाठानं तिच्याबरोबर पळत सुटले.

त्या मोटारबोटीवरचे दोन महिने हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ. हे मी लग्न, नोकरी, मुलं, नातवंडं सगळं धरून म्हणते आहे. मी सोळा वर्षांची होते. शाळा सुटली की दप्तर फेकून घाटावर. बापू इंजिनाशी आणि मी सुकाणूवर. वर देवळाच्या वळणापर्यंत जायचं आणि उतरत्या उन्हात परत यायचं, बाकी काही काम नाही. ऊस पार पाण्यावर वाकलेला असायचा. मळ्यांचे पाइप पाण्यात तोंड घालून बसलेले. बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांवर बगळे बसायचे आणि आमच्या आवाजानं उडून पुढच्या शेंड्यावर जायचे; जाताना आणि येताना तेच बगळे. माय फडक्यात धपाटे आणि लसणाची चटणी द्यायची. वळणावर इंजिन बंद करून आम्ही ते खायचो, आणि इंजिन बंद झालं की एवढी शांतता पडायची की चावण्याचा आवाज यायचा. बापू शिकवायचे, "सुकाणू दाबायचं न्हाई, सिंधू. हातात वासराचं दावं असतं ना, तसं धरायचं. त्याला जरा जाऊ द्यायचं, मंग वळवायचं." पुढे या पाण्यावरून रोज माणसं नेणार होते ते. पलीकडच्या काठाला मोठं गाव, तिथे कॉलेज. रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस. "तू सोताच मोटार घेऊन कालेजात जायचं," असं म्हणायचे. मला ते सगळं दिसायचं. मी पुस्तकं पायाशी ठेवून सुकाणू धरलंय आणि काठावरची पोरं बघतायत.

माझी नात हल्ली केरळच्या सहलीचे व्हिडिओ दाखवते. बोटीत पलंग, बोटीत पंखे. "आजी, तुलाही नेऊ," म्हणते. मी गुडघ्याचं कारण सांगते.

मोटारबोट ट्रकवरून घाट चढत होती तेव्हा मायनं इकडे नवस बोलला होता. बोट आणि नवरा दोघं सुखरूप येऊ देत, गंगेला काठापासून काठापर्यंत साडी नेसवीन. आमच्या गंगाकाठाला हा जुना नवस आहे. घरोघरची लुगडी मागायची, पदराला पदर जोडत लांब पट्टा करायचा, एक टोक अलीकडच्या झाडाला बांधायचं आणि नावेतून सोडत सोडत पलीकडे न्यायचं. दोन्ही काठांना टेकली की गंगा नेसली. त्यातही नियम. शिवण हाताचीच, मशीनची सुई लागता कामा नये. शिवायचं कुवार पोरींनी. देणारीनं आपल्या लुगड्याची एक बाजू स्वतः जोडायची. आणि लुगडी सगळी सवाशिणींची.

यातल्या शेवटच्या नियमावर घोटाळा झाला. गावात गयामावशी म्हणून होती. तिशीच्या आतली, गोरी, बोलायला धारदार. गावात शिलाई मशीन तिचं एकटीचं. सगळ्या गावाची पोलकी तीच शिवायची. आम्हा पोरींना टाके घालायलाही तिनंच शिकवलं. नवरा तिला टाकून दुसरीबरोबर राहत होता, त्याला दहा वर्षं झाली होती. कुंकू लावायची, पण हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवायचं नाही. मोटारबोटीचं ताडपत्रीचं छत तिनं शिवून दिलं होतं, घेणं काही घेतलं नव्हतं. तिनं आपलं हिरवं लुगडं घडी घालून आमच्याकडे आणून दिलं आणि बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. नारायणअण्णा स्वतः घरी आले. "बापू, बाकी तुमचं बराबर आहे. पर टाकलेल्या बाईचं लुगडं गंगेला नेसवायचं म्हंजे..." बापू नोझल पुसत होते. म्हणाले, "अण्णा, नवरा जित्ता आहे, कपाळाला कुंकू आहे. सवाशीण न्हाई तर काय आहे ती? लुगडं लागंल. न्हाई तर मोटार न्हाई निघायची." अण्णा गेले, पण वाद आठवडाभर चालला. तोवर बाकीची पन्नासावर लुगडी जोडून झाली आणि मध्ये हिरव्यासाठी जागा तेवढी सोडलेली राहिली. आदल्या दिवशी दुपारी ठरलं, घ्यायचं. एक बाजू गयामावशीनं लगेच स्वतः जोडली. दुसऱ्या बाजूला पिवळं लुगडं होतं. ती शिवण माझ्या वाट्याला आली.

आता इथे मला हात आखडावासा वाटतो. लिहायचं ठरवलंय तर लिहिते. बापूंनी सांगितलं होतं की शिवणकाम संपवलंस तर उद्या सुकाणू तुझ्याकडे. त्या दुपारी ते पाणी बघायला शेवटची फेरी मारणार होते आणि मला बरोबर जायचं होतं. खालून इंजिनाचा आवाज आला. गयामावशी उठताना म्हणाली होती, "सिंधे, दोरा दुहेरी घे, उलटा टाका घाल. वजन यीन त्याच्यावर, पान्याचं." मी हो म्हटलं. ती गेली आणि मी एकेरी दोऱ्यानं, बोटभर लांब टाक्यांचा धावदोरा घातला, शेवटाला गाठसुद्धा मारली की नाही आठवत नाही. पाच मिनिटांत शिवण संपवून मी घाटाकडे पळाले. बापूंनी विचारलं, "झालं?" म्हटलं, "झालं."

दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांना माणसं. हलगी, पिपाणी, पोरांचा गलका. सकाळची उन्हं तिरपी होती आणि बायका नव्या कपड्यांत घाटाच्या पायऱ्यांवर दाटीनं उभ्या होत्या. पट्ट्याचं एक टोक काठच्या लिंबाला बांधलं आणि बाकीचा गठ्ठा बोटीत रचला. बोटीत आम्ही तिघंच. बापू इंजिनावर, मी सुकाणूवर, आणि माय लुगडी सोडायला. मायला पाण्याची भीती होती. पण नवस तिचा, तिनंच सोडायला हवं. ती एका हातानं बोटीची कड धरून दुसऱ्या हातानं वावभर वावभर कापड पाण्यावर टाकत होती आणि तोंडानं गंगेची गाणी म्हणत होती. जांभळं गेलं, लाल गेलं, हिरवं गेलं, पिवळं गेलं. पाण्यावर ती पट्टी इतकी देखणी दिसत होती की बापू इंजिन सोडून मागे बघत राहिले. म्हणाले, "खाडीत बी असं न्हाई पाह्यलं."

वरच्या धरणातून पाणी सोडलंय हे गावाला माहीत होतं. पण ते संध्याकाळपर्यंत पोचेल असा सगळ्यांचा अंदाज होता. ते त्याच वेळी आलं. लाट वगैरे काही नाही. फक्त निपचित पाणी चालायला लागलं. पाण्यावरचा पाला-पाचोळा आमच्याबरोबर सरकायला लागला, कापडाच्या पट्टीला खाली पोट आलं, आणि बोटीचं तोंड बंधाऱ्याकडे वळायला लागलं. मी सुकाणू दाबलं. दाबायचं नाही हे शिकवलेलं सगळं विसरले. बापू ओरडले, "सोड, सोड, मी मागं घेतो." त्यांनी बोट सरळ करायला इंजिन उलटं फिरवलं. कोकणात हे त्यांनी हजार वेळा केलं असेल. पण कोकणात कोणी बोटीमागे लुगडी सोडत नाही. बोटीखालच्या पंख्यानं कापड आत ओढलं. मायच्या हातातलं सर्रकन गेलं, गठ्ठ्यातली दोन-तीन लुगडी गेली, आणि इंजिन एकदा खोकून बंद पडलं.

धपाटे खाताना पडायची तीच शांतता. हलगी अजून वाजत होती, कारण काठावर कोणाला कळलंच नव्हतं.

बोट थोडी वाहिली आणि मग झटका बसून थांबली. पंख्याला गुंडाळलेल्या कापडानंच आम्हाला धरलं होतं. लिंबापासून आमच्यापर्यंत पट्टी ताणली गेली, पाण्यातून वर आली, आणि रंगीत दोरी होऊन थरथरायला लागली. बापू विळा घेऊन मागे वाकले. कापड कापलं तर पंखा सुटेल, इंजिन चालेल. पण कापलं की बोट सुटली. गुंडाळी काढून हँडल मारेपर्यंत बंधारा. त्यांनी विळा पाण्यापर्यंत नेला, परत आणला, पुन्हा नेला. आणि मग ते खाली बसले. विळा मांडीवर, दोन्ही हात विळ्यावर. तोंडाकडे पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. ज्याला दोन शेतं पलीकडच्या इंजिनाचं दुखणं कळायचं, त्याला हातातल्या इंजिनाचं काय करावं सुचत नव्हतं. बापाला असं कधी बघू नये. बघितलं तर ते डोळ्यांतून जात नाही.

माय उभी राहिली. बोटीत बसायला घाबरणारी माझी माय त्या हलत्या फळीवर उभी राहून काठाकडे ओरडली, "ओढा गं! बायांनो, ओढा!"

काठावर आता समजलं. हलगी थांबली. बायांनी पट्टीला हात घातला, गड्यांनी घातला. पाण्याच्या ओढीविरुद्ध बोट हातभर काठाकडे सरकली. "हां, आली, आली!" माय रडत हसत होती. आणि मी हिरव्याकडे बघत होते. हिरवं, मग पिवळं. त्या दोघांमधली जागा पाण्याच्या वर आली होती आणि मला इथून दिसत होती. नुसतं धरून राहिले असते तर कदाचित टिकली असती. ओढली तर टिकणार नव्हती, हे त्या सगळ्या माणसांत फक्त मला माहीत होतं. 'ओढू नका' एवढे दोनच शब्द होते. मी तोंड उघडलं. ते दोन शब्द बोलले असते तर तिसरा शब्द 'का' असा आला असता. एवढ्यासाठी मी तोंड मिटलं. भीतीनं वाचा बसली असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरं नाही. वाचा होती.

टाके एकदम गेले नाहीत. एक गेला, दुसरा गेला, मग दोरा पळत सुटला. हिरवं काठाकडे गेलं, पिवळं आमच्याकडे आलं, आणि काठावरची सगळी माणसं एकदम मागे पडली.

बापूंनी नांगर टाकला. तळाला सगळा काळा गाळ, नांगर नुसता ओढत आला. बोट आडवी होऊन बंधाऱ्याच्या दोन खांबांवर जाऊन आदळली आणि तिथेच अडकली. दारांवरून पाणी पलीकडे पडत होतं, त्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. बंधाऱ्यावरच्या वाटेनं माणसं पळत आली, दोर सोडले. आधी मला ओढलं, मग मायला. तिचं मनगट खांबात सापडून मोडलं. शेवटी बापूंना. ते यायला तयार नव्हते. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचललं. त्यांचा पाय सुटला आणि बोटीची फळी फुटली, तिनं एका बाजूनं पाणी घेतलं, आणि गयामावशीनं शिवलेलं छत शेवटी पाण्याखाली गेलं. बापू बघत होते.

घाटावर परत आलो तेव्हा बायांनी पट्टी ओढून आणून पायरीवर टाकली होती. ओला रंगीत ढीग आणि वर हिरव्याचं टोक. नारायणअण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा. कुणाच्या लुगड्यापाशी गेलं ते पाहा. म्या सांगितल्तं का न्हाई?" बापू पुढे झाले. त्यांनी ते टोक उचललं, पिळलं, दोन्ही हातांत ताणून पाहिलं. पदर शाबूत होता. सुईची भोकं बोटभर अंतरावर होती आणि एका भोकात एकेरी दोऱ्याचा तुकडा लोंबत होता. बापूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांनी ते टोक गुंडाळून काखेत धरलं आणि म्हणाले, "फाटलं. जुनं व्हतं लुगडं."

गयामावशी तीन हातांवर उभी होती. तिनं बापूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि घरी गेली.

गावानं मग तिला सोडलं नाही. टाकलेल्या बाईचं वस्त्र गंगेनं घेतलं नाही, असं ठरलं. कोणी भांडायला गेलं नाही की शिवी दिली नाही. फक्त पोलकी शिवायला जायचं बंद झालं. बायका कापड घेऊन पिंपळगावला जायला लागल्या. तिच्या घरावरून जाताना मशीनचा आवाज यायचा, तो कमी होत गेला आणि चैत्रात बंद झाला. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वस्तीत ती राहायला गेली, असं कळलं. गाडीत मशीन चढवायला गावातलं कोणी गेलं नाही. बापू गेले. मी खिडकीतून पाहिलं.

मला जालन्याला मावशीकडे पाठवलं. तिथे शिकले, कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले, लग्न झालं. बापूंनी परत कधी कोकणाचं नाव काढलं नाही, मासेही आणले नाहीत. बंधाऱ्याकडे पाठ करून बसायचे. त्या दिवसाबद्दल आम्ही एकमेकांशी कधीच बोललो नाही. मी सुट्टीत गेले की ते विचारायचे, "बरं हाय ना?" मी म्हणायचे, "बरं आहे." शेवटच्या आजारपणातही मी उशाशी बसून आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि ते गेले. त्यांच्या ट्रंकेत जुनी नोझलं निघाली. मी ते टोक शोधत होते. ते नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर मी अंकुशनगरला गेले. का आत्ताच, ते सांगता येणार नाही. पासष्टी उलटली, गुडघे गेले, कदाचित म्हणून. विचारत विचारत घर सापडलं. गयामावशी ऐंशीला टेकलेली, वाळून गेलेली, पण ताठ. दारात उन्हाला बसून गोधडी शिवत होती. मी नाव सांगितलं. "सिंधी व्हय? बापूची?" म्हणाली आणि सतरंजी सरकवली. चहा झाला. पाटलाचं काय, अण्णा कधी वारले, सगळं विचारून झालं. मग मी सांगितलं. वाक्य पाठ करून गेले होते, तरी रडायला आलं. "मावशी, ते लुगडं फाटलं नव्हतं. शिवण माझी होती."

ती गोधडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला काय सांगून राह्यली? म्याच शिकवलं ना तुला. टाका पाहिल्यावर वळखू येत न्हाई व्हय?"

"मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुझा बाप आल्ता. त्याच दिसी, दिवेलागणीला. ते टोक कापून घिऊन आल्ता. माझ्यापुढं ठिवलं अन् पाय धराया लागला. म्हनला, पोरगी मनाला लावून घीन, गंगेत जाऊन पडंन. तिचं नाव घिऊ नका. तुझी माय बी व्हती संगं, हात गळ्यात बांधलेला." तिनं गोधडीवरचा दोरा तोडला. "म्या म्हनलं, जाऊ द्या बापू. मला आधीच टाकलेली म्हंत्यात. आनखी काय म्हन्तील?"

मी पन्नास वर्षं जे लपवत होते ते बापूंना, मायला आणि हिला, तिघांनाही ठाऊक होतं. मी बोलू नये म्हणून ते तिघं गप्प राहिले होते आणि ते बोलत नाहीत म्हणून मी गप्प राहिले होते. आमच्या जेवणाच्या प्रत्येक पंगतीत, प्रत्येक 'बरं हाय ना' मध्ये ते बसलेलं होतं. आता कोणाला सांगायचं? माफी मागायची तर कोणाची? ज्यांच्याकडून घ्यायची ती दोघं नाहीत, आणि तिसरीचं आयुष्य तर होऊन गेलेलं. मी तिथे सतरंजीवर बसून नुसती रडले. तिनं रडू दिलं. समजूतही घातली नाही आणि माफ केलं असंही म्हणाली नाही.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा तिनं माझ्यापुढे सुई धरली. तिला आता सुईचं नेढं दिसत नाही. "एवढी ववून दे," म्हणाली. चार वेळा चुकलं. पाचव्यांदा दोरा आत गेला आणि मी सुई तिच्याकडे दिली. तिनं दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि सुई परत माझ्या हातात दिली.

"दुहेरी घे," म्हणाली.